मागच्या कॅमेऱ्यात आता शेवगाच का दिसतो

तुम्हा दोघांची तक्रार आहे की आजीच्या मागच्या कॅमेऱ्यात हल्ली काहीच दिसत नाही. पूर्वी मोहाचं झाड दिसायचं, त्याखाली चितळं यायची, एकदा तर रानडुकरांचं अख्खं कुटुंब रांगेने गेलं होतं. आता दिसतो तो शेवगा आणि दोरीवरचा माझा पंचा. कॅमेरा बिघडला असेल तर दुरुस्त करून घे, असं तुमच्या बाबांनीही सांगितलं. कॅमेरा बिघडलेला नाही. मी तो फिरवून घेतला आहे. का फिरवला, हे फोनवर सांगायला गेले की तुम्ही ‘ओके आजी’ म्हणता आणि विषय संपतो. म्हणून लिहून पाठवते. अडेल तिथे बाबांना वाचून दाखवायला सांगा.

आधी हे कॅमेरे आले कसे ते. एकट्या म्हातारीवर लक्ष ठेवायला कॅमेरे बसवतो, असं म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून चोरांवर लक्ष ठेवायला बसवतो, असं तुमच्या बाबांनी ठरवलं. आमच्या गावी, वडशाला, चोर येतात ते हिवाळ्यात, नाटकांच्या दिवसांत, अर्धं गाव मंडपात असताना. एरवी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या या वसाहतीत, चोरण्यासारखं काय असतं, तर कुंड्या. तरी एक कॅमेरा पुढे लागला, एक मागे, आणि माझ्या बैठकीत टीव्हीखाली एक काळा डबा आला. डबा इंटरनेटला जोडलेला, त्यामुळे तिकडे तुमची संध्याकाळची जेवणं चालू असताना तुम्हाला माझी सकाळ दिसते. मला तुमची संध्याकाळ दिसत नाही. तंत्रज्ञानाची प्रगती एका दिशेने झाली आहे.

डब्याला घड्याळ असतं. पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत ते चालतं. कॅमेरेवाल्याने डबा सुरू केला, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमचा डबा मागे आहे.”

तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरातली घड्याळं वीस मिनिटं पुढे असतात. माझे वडील रेल्वेत होते. गाडी उशिरा येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी घड्याळ पुढेच. गाडीने उशीर करावा, आपण करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे आमचं कुटुंब आयुष्यभर फलाटावर आधी आपली वीस मिनिटं आणि मग गाडीचा उशीर असं दोन्ही भोगत बसलं. पण आमची गाडी कधी चुकली नाही. तेच घड्याळ घेऊन मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि माझ्या तासाला उशिरा येण्याची हिंमत कुणी केली नाही.

“डबा मागे नाही मॅडम,” कॅमेरेवाला म्हणाला, “तो इंटरनेटवरून टाइम घेते. एकदम करेक्ट राह्यते.”

“या घरात एकच वेळ चालते,” मी म्हणाले. “डब्याला ती शिकवा.”

त्याने शिकवली. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा आपल्या वेळेवर गेला. मी त्याला बोलावलं. पुन्हा शिकवली, डबा पुन्हा विसरला. शेवटी मी विचारलं की हे आपोआप सुधारणं बंद करता येत नाही का. येतं, म्हणाला, आणि ते बटण बंद करताना पुटपुटला, “लोकं टाइम बरोबर कराले बोलावते, तुमी चुकवाले बोलावून राह्यले.” मी त्याला चहा दिला आणि दुर्लक्ष केलं. डब्याचा पासवर्ड विसरू नये म्हणून सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून डब्यालाच चिकटवला. घर नीटनेटकं झालं.

आता मोहाच्या झाडाकडे येते.

आपल्या मागच्या कुंपणापलीकडे जे सुरू होतं त्याला कागदोपत्री झुडपी जंगल म्हणतात. त्यात ते एकच मोठं झाड. झाड जंगलाचं, म्हणजे सरकारचं. पण नाल्यापलीकडच्या टोल्यात, त्या छोट्या वस्तीत, कुठलं मोहाचं झाड कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्याला कागद नाही आणि त्यावरून भांडणही नाही. हे झाड एका बाईकडे तिच्या सासूकडून आलं, सासूकडे तिच्या सासूकडून. आमचं लेआउट पडलं त्याच्या कितीतरी आधीपासून. बाई टोल्यातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मार्च लागला की ती अंधार फिटायच्या आत येऊन फुलं वेचते आणि मग अंगणवाडी उघडायला जाते. ती मला ‘बाई’ म्हणते, मी तिला ‘बाई’ म्हणते. आमची ओळख मागच्या फाटकावरची.

मोह वेचणारे लोक झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं नीट दिसतात, आणि त्यातूनच जंगलात वणवे लागतात, असं सगळे म्हणतात. काही लोक जाळतातही. ही जाळत नाही. खराट्याने पाला दूर लोटून झाडाखाली अंगणासारखी जागा करते. मी एकदा कारण विचारलं होतं.

“जाळलं तं फुलाले धुराचा वास लागते बाई,” ती म्हणाली. “अन् झाडाचे पाय भाजते.”

मार्चअखेरच्या एका सकाळी आमच्या लेआउटचा योगवर्ग चालू होता. तो सात ते आठ, बगिच्यात, भोंग्यासह. मी खुर्चीवर बसून करते. आठ वाजता भोंगा बंद झाला तेव्हा तडतड ऐकू आली आणि मग धूर दिसला. लेआउट समितीची पत्र्याची शेड पेटली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मंडपाचे बांबू, बॅनर, सगळं गेलं. शेडमागचं झुडपी जंगलही बरंच जळालं. माणूस कुणी भाजला नाही. मोहाचं झाड एका अंगाने काळवंडलं, पण वाचलं.

अध्यक्ष, म्हणजे लेआउट समितीचे अध्यक्ष, स्वच्छतेचे मोठे भोक्ते आहेत. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसलं असंल ना!” आणि अर्धा योगवर्ग माझ्या बैठकीत आला.

मी चहा ठेवायला गेले. माउस अध्यक्षांनी घेतला. पासवर्ड डब्यावरच होता. “आधीचं काय पाहायचं? धूर दिसते तिथून लावतो,” ते म्हणाले आणि लावलं. पडद्यावर धूर, धुरात वाकलेली ती बाई, आणि तिच्या हातात पळसाची फांदी. फांदी वर जात होती आणि आगीवर आपटत होती. कोपऱ्यात आकडे होते, सात पस्तीस.

“पाहा, हवा देऊन राह्यली!” कुणीतरी म्हणालं.

अध्यक्षांनी मोबाइल काढून टीव्हीच्या पडद्याचाच व्हिडिओ घेतला. अगदी छोटा, कारण मोठा कुणी बघत नाही. माझा चहा येईपर्यंत तो लेआउटच्या ग्रुपवर गेला होता, खाली ‘पुरावा’ असं लिहून. संध्याकाळपर्यंत तो ब्रम्हपुरीला पोचला आणि तिथून माझ्या भाचीने मलाच पाठवला. नीट बघितलंत तर त्यात टीव्हीच्या काचेत चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली एक म्हातारी दिसते. ती मी.

वनरक्षक आला, व्हिडिओ बघितला, आणि बाईला सांगून गेला की वनगुन्हा दाखल होईल, तोवर झाडाकडे फिरकायचं नाही. समितीने पोलिसांत वेगळी तक्रार दिली. शिवाय एक ठरावही केला की लेआउटच्या सुरक्षेसाठी त्या बाजूला तारेचं कुंपण घालावं आणि टोल्यातल्या लोकांना कायमचं येणंजाणं बंद करावं. थोडक्यात, बाईचं झाड गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या फाटकाशी आली. टोपली आणली नव्हती.

“बाई, तुमच्या टीव्हीत तुमी पाह्यलं ना? मी जाळून राह्यली का इझवून राह्यली?”

मी सांगितलं की पाहिलं, पण चित्राला आवाज नाही. फांदी आपटणारी बाई आग विझवते आहे की वाढवते आहे, हे नुसतं बघून मला सांगता येत नाही.

“आवाज असता तं माहा आवाज आयकला असता! भिताडाकून किती बोंबलली मी. तुमचा सगळ्याइचा ओम चालू. इथचं इझलं असं वाटलं, अन् मी गेली. साडेसातले मले आंगणवाडी उघडा लागते. उघडली बी. आता तो गार्ड म्हणते का मशीनमंदी सात पस्तीस लिवलं हाय अन् तू झाडाखालीच हायस. मी दोन जागी कशी राहीन बाई? मी का भूत हाय?”

“अंगणवाडीच्या सेविका सांगतील ना, किती वाजता उघडली ते?”

“सांगतलं तिनं. तं म्हणते, ते तुयी जाऊ होय. जाऊ खोटी अन् मशीन खरी. माही जाऊ माह्यासाठी खोटं बोलंल, हे तुमाले पटते? तिनं मले आजवर गूळ उसना देल्ला नाई.”

तिचं म्हणणं खरं वाटत होतं, तरी ते आकडे पुढे उभे होते. मी आत जाऊन पुन्हा डबा बघितला. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोन्ही जवळपास जुळत होती. जे आपल्या घड्याळाशी जुळतं ते चुकीचं असेल, अशी शंका माणसाला येत नाही.

“अन् फुलं?” मी विचारलं.

“पडून राह्यले. फूल काय केसचा निकाल लागेलोक थांबते?”

फुलं थांबत नव्हती. सकाळी मागच्या कॅमेऱ्यात मी बघत होते. झाडाखाली पिवळसर सडा पडायचा, चितळं यायची, गाई यायच्या. तुम्ही त्या दिवसांत ‘आजी, आज किती हरणं!’ म्हणून खूश होतात, ती तिच्या मोहावर आलेली हरणं. आणि ठरावावर सह्या करणाऱ्या आमच्या काही भगिनी प्लॅस्टिकचे डबे घेऊन येताना दिसल्या. मोहाचे लाडू फार पौष्टिक असतात असं त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. येणंजाणं बंद करायचा ठराव बहुधा फक्त टोल्याच्या बाजूने लागू होता.

मग पोलीस ठाण्याचा एक शिपाई आला आणि म्हणाला, “मॅडम, तो डबा उपसून द्या, घेऊन जातो.” मी म्हटलं, आधी कागद दाखवा. तो कागद आणायला गेला तो परत आला नाही. त्याच संध्याकाळी अध्यक्ष काळजीने आले. “तुम्हाला फुकटची डोकेदुखी झाली मॅडम. व्हिडिओ तर आपल्या सगळ्याइच्या मोबाइलमध्ये हायच. तुम्ही तो डबा फॉरमॅट मारून टाका, म्हणजे कोणी त्रास देणार नाही.” खरं सांगते, त्यात त्यांचा काही डाव नव्हता. मदत करण्याची त्यांना सवय आहे.

फॉरमॅट मारणं म्हणजे काय, हे विचारायला मी कॅमेरेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “काही मारू नका. तसाही जागा भरली का डबा जुनं पुसून त्याच्यावर नवं लिहीतच राह्यते.” म्हणजे जे आहे तेही आपोआप जाणार. मग मात्र मी ठाण्यात फोन लावला आणि माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं की या तक्रारीचा तपास नक्की कोण करतं आहे.

तपास फौजदार बाईंकडे होता. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, “बंद करू नका, कशाला हात लावू नका, मी येते.” आणि आल्या. तिशीतल्या असतील. बरोबर लॅपटॉप, दोन कोऱ्या पेनड्राइव्ह पाकीटबंद, लाख, आणि पंच म्हणून दोन माणसं. अध्यक्षांना कुणकुण लागली होतीच. तेही आले आणि म्हणाले, “पंच म्हणून मी बसतो ना.”

“तुम्ही तक्रारदार आहात,” फौजदार बाई म्हणाल्या. “सोफ्यावर बसा.”

त्यांनी डब्याकडे बघितलं. डब्यावर चिकटवलेला माझा कागद वाचला. “अक्षर सुंदर आहे,” म्हणाल्या. “हा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

“जे जे चहाला येतात त्यांना,” मी म्हणाले.

डबा स्वतःची एक नोंद ठेवतो, कोण कधी आत शिरलं त्याची, हे मला तेव्हा कळलं. त्या ती वाचू लागल्या. “हे परदेशातून रोज सकाळी कोण बघतं?”

“माझी नातवंडं. हरणं बघतात.”

त्यांनी लिहून घेतलं. तेव्हा मुलांनो, आमच्या ठाण्याच्या कागदात तुमची हरणं आहेत.

ग्रुपवरचा व्हिडिओ अध्यक्षांनी उत्साहाने पुढे केला, तो त्यांनी बघितलाही नाही. म्हणाल्या, “हे पडद्याचं चित्र आहे, घटनेचं नाही. याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, कुणी किती कापलं, काही कळत नाही. मला डब्यातलं मूळ हवं, आणि तुकडा नको, पूर्ण सकाळ हवी.” मग त्यांनी मूळ उतरवून घेतलं, आणि लॅपटॉपने त्या उतरवलेल्यावरून अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ काढली. तिला हॅश म्हणतात. उद्या कुणी त्या चित्रातला एक ठिपका जरी बदलला तरी ही ओळ सगळीच्या सगळी बदलते, असं त्यांनी पंचांना समजावलं. मला ती ओळ फार आवडली. एक स्वल्पविराम हलला तर संपूर्ण निबंध परत करणारी मी, माझी अशी सोय कुणी आधी केली नव्हती.

“नीट उतरलं आहे का ते एकदा बघू,” म्हणून त्यांनी सकाळ अगदी सुरुवातीपासून लावली. धुराच्या कितीतरी आधीपासून.

झाड दिसलं. बाई आली, वेचत बसली. बराच वेळ काही घडलं नाही. पंच जांभया देऊ लागले. मग डाव्या कोपऱ्यात, शेडजवळ, लेआउटच्या पाल्याच्या ढिगाशी ट्रॅकसूट घातलेला एक माणूस आला.

“अरे, हा तर मी!” अध्यक्ष आनंदाने म्हणाले. टीव्हीत स्वतःला बघून कुणालाही होतो तसाच आनंद.

पडद्यावरच्या माणसाने खिशातून काडेपेटी काढली, ढीग पेटवला, हात झटकले. मग पूर्वेकडे तोंड करून मोबाइल उंच धरला, एक फोटो काढला, थोडा वेळ मोबाइलवर बोटं चालवली, आणि गेला. ढीग धुमसत राहिला. धूर मोहाकडे सरकू लागला. झाडाखालची बाई उठली, पळसाची फांदी मोडली आणि धावली.

पंच आता पूर्ण जागे होते.

“ही आग नाही,” अध्यक्ष म्हणाले. “हा कचरा हाय. कचरा मी रोज जाळतो. ही स्वच्छता हाय, मॅडम.”

“आग कुठून सुरू झाली, एवढंच मी बघते आहे,” फौजदार बाई म्हणाल्या आणि चित्र मागे नेऊन तो माणूस मोबाइल उंच धरतो तिथे थांबवलं.

अध्यक्षांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे पाहा! टाइम पाहा. सात बारा! सात बाराला मी योगवर्गात होतो. सूर्यनमस्कार घालताना माणूस काडी पेटवते का? हा मी नाहीच. दुसरा कोणी असंल. मॅडम स्वतः होत्या वर्गात. विचारा त्याइले.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्ष आत्ताच ‘हा तर मी’ म्हणाले होते, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. पण पडद्यावर आकडे होते, आणि आकड्यांपुढे माणसाच्या शब्दाचं काय चालतं, हे त्या बाईच्या जावेला विचारावं.

“होते,” मी म्हणाले. “सातच्या ठोक्याला अध्यक्ष आले. माझ्या पुढच्याच सतरंजीवर होते.”

फौजदार बाईंनी मान वर केली. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या मोबाइलकडे, मग पुन्हा भिंतीकडे. “मॅडम, तुमचं घड्याळ पुढे आहे का?”

“वीस मिनिटं,” मी अभिमानाने सांगितलं. “नेहमीच असतं.”

“आणि हा डबा?”

तेव्हा माझ्या तोंडचा अभिमान गेला. कॅमेरेवाला, ते बटण, दोनदा स्वतःला सुधारू पाहणारा आणि तिसऱ्यांदा मी गप्प केलेला डबा, सगळं सांगितलं. फौजदार बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी डब्याच्या पडद्याशेजारी आपला मोबाइल धरला, दोन्ही वेळा एकाच फोटोत घेतल्या आणि पंचांना वाचायला लावल्या. फरक तेवीस मिनिटांचा. वीस माझी, वरची तीन डब्याने स्वतः कमावलेली.

सात बारातून तेवीस गेली की सातला अकरा मिनिटं कमी. वर्ग सुरू व्हायच्या आधीची वेळ. आणि सात पस्तीसमधून तेवीस गेली की सात बारा. म्हणजे बाई आगीवर फांदी आपटत होती तेव्हा आम्ही खरोखरच सूर्यनमस्कारात होतो, आणि तिथून टोल्यात जाऊन साडेसातला अंगणवाडी उघडायला तिला सवड होती. एका घड्याळाने एकाला जागेवर नसल्याचा दाखला दिला होता आणि दुसरीला भूत ठरवलं होतं. घड्याळ माझं होतं.

पण अध्यक्ष हिशेबी गृहस्थ. “आज तेवीस असंल,” ते म्हणाले. “त्या दिवशी किती होतं, हे कोण सांगंल? मशीन हाय. मागे-पुढे होते.”

“प्रश्न बरोबर आहे,” फौजदार बाई म्हणाल्या. “आजच्या फरकावरून त्या दिवसाचा फरक सिद्ध होत नाही. त्या दिवशीची खरी वेळ दुसरीकडून मिळायला हवी.”

मी पडद्याकडे बघत होते. अध्यक्ष तिथे मोबाइल उंच धरून थांबलेले होते. मला ते चित्र ओळखीचं वाटत होतं. एवढ्या भक्तिभावाने सूर्याकडे मोबाइल धरणारा माणूस आमच्या लेआउटमध्ये एकच आहे आणि तो रोज सकाळी आम्हा सर्वांना सूर्य पाठवतो. मी ग्रुप उघडला. त्या तारखेचा सूर्य सापडला. ‘सुप्रभात. स्वच्छता हीच सेवा.’ सहा एक्कावन्न. डब्यात मोबाइलवर बोटं चालवतानाची वेळ सात चौदा. फरक तेवीस.

त्या सूर्याखाली आमच्या एका भगिनीने लिहिलं होतं, ‘वा, काय सुंदर धुकं पडलंय!’

वडशाला मार्चअखेर धुकं पडत नाही. पण सुप्रभात कुणी वाचत नाही, तसा फोटोही कुणी बघत नाही.

फौजदार बाईंनी अध्यक्षांकडे हात पुढे केला. “ग्रुपवरचा नको. मूळ फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असेल, तो पुसू नका. तोही घेते.” अध्यक्षांनी मोबाइल दिला. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते फोटोबद्दल नव्हतं. ते सोफ्यावरून एवढंच म्हणाले, “पण मॅडम, मी तर रोजच जाळतो.”

मग कागदपत्रं झाली. डबा ज्याच्या ताब्यात, त्याने एक प्रमाणपत्र द्यायचं असतं, की यंत्र व्यवस्थित चालू होतं. व्यवस्थित! आयुष्यभर ज्या शब्दावर मी जगले, त्याच्यापुढे पेन थांबलं. शेवटी लिहिलं की यंत्र व्यवस्थित चालू होतं, घड्याळ मात्र माझ्या सांगण्यावरून पुढे होतं. फौजदार बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “चालेल. उलट बरं आहे. जे चुकलं ते लिहिलं की बाकीच्यावर विश्वास बसतो.” पाकिटावर लाख ओतली. पंचांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

पुराव्याला पाय फुटले तरी तो सरकारी रस्त्याने चालतो. ठाण्यातून कागद वनविभागाकडे गेला, तिथे वाचला गेला, वनरक्षकाला कळवला गेला. तो एकदा टोल्यात जाऊन बाईला “जा आता, वेच” म्हणून सांगून आला, तोवर फुलं सरत आली होती. समितीने तक्रार सामंजस्याने मागे घेतली. सामंजस्य कुणाशी, ते इतिवृत्तात नाही. कुंपणाचा ठराव पुढच्या सभेत कुणी काढला नाही. अध्यक्षांना पाला जाळल्याबद्दल नोटीस आली. सुप्रभात अजून येतं, आता गच्चीवरून. आणि तो छोटा व्हिडिओ अजून फिरतो आहे. पूर्ण सकाळ कुणी पाठवली नाही. ती फार मोठी आहे.

झाड परत मिळाल्यावर पहिल्याच दिवशी बाई मागच्या फाटकातून आत आली. टोपलीत तळाला थोडीशी फुलं होती.

“मले दाखवा ना बाई, मी कशी दिसतो त्याच्यात.”

मी दाखवलं. ती टीव्हीपुढे खाली बसली. स्वतःला फांदी आपटताना बघून म्हणाली, “इवली बारीक झाली मी? अन् लुगडं पाहा कसं खोचलं हाय. घाईच होती म्हणा.” मग ती बराच वेळ बघत राहिली, धुराच्या आधीची, नुसती वेचतानाची. त्यात ती मध्येच थांबते, झाडाला टेकते, पदराने तोंड पुसते, काहीतरी खाते, झाडाशी एकटीच बोलते. तिच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. तिने विचारलं, “हे रोजचं राह्यते का याच्यात?”

“रोजचं.”

“कोण पाह्यते?”

“मी. कधी माझी नातवंडं, परदेशातून.”

ती उठली. टोपलीतून ओंजळभर फुलं काढून माझ्या ओट्यावर ठेवली.

“तुमच्या टीव्हीनंच मले सोडवलं, ते खरं हाय बाई. नाई कुठी म्हणतो मी? पण तो जरा तिकडं फिरवा ना. झाडाखाली माणूस जरा बसते, उठते. सासूबी माही तिथंच बसे. तिले नाई कोणी पाह्यलं असं.”

मी म्हणाले की पुन्हा काही झालं तर पुरावा राहणार नाही.

“पुन्हा झालं तं पुन्हा बोंबलीन,” ती म्हणाली. “या खेपेले तुमचा तो भोंगा जरा हळू ठेवा म्हणजे झालं.”

कॅमेरेवाल्याला बोलावलं. त्याने कॅमेरा शेवग्याकडे वळवला आणि जाता जाता डब्याची वेळही बरोबर करून दिली. भिंतीवरचं घड्याळ मी हलवलेलं नाही. त्यामुळे आता या घरात दोन वेळा चालतात, एक माझी आणि एक खरी. योगवर्गाचा भोंगा मात्र हळू करून घेतला आहे. तेवढ्यासाठी सभेत मला बरंच इंग्रजी बोलावं लागलं.

हरणं बघायची असतील तर तुम्ही इकडे या. फाटकातून दिसतात. बाईला विचारून जाऊ.